नदीची शीव

शहराचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम राजवाड्याकडे जाते, नंतर देवळांकडे आणि त्यानंतर बाजारपेठांकडे. नदी बहुधा पहिल्या पानावर एका वाक्यांत येते आणि पुढें शेवटपर्यंत दिसत नाहीं. मुळा व मुठा यांच्या संगमाजवळ वसलेलें शहर, एवढें म्हटलें कीं पुण्याच्या इतिहासकाराच्या मतें नदीचें देणें फिटलें. परंतु नदी आपल्याला इतक्या स्वस्तांत सोडीत नाहीं. ज्या शहराच्या इतिहासांत तिला एकच वाक्य मिळतें, त्या शहराच्या घरांत ती कधीं ना कधीं कमरेइतकी उभी राहते. प्रस्तुत निबंधांत पुण्याच्या इतिहासाकडे या दुर्लक्षित बाजूनें पाहण्याचा आमचा विचार आहे. आमचा प्रश्न साधा आहे. नदीची जमीन कोठें संपते आणि माणसाची कोठें सुरू होते, हें या शहरांत कोणी, केव्हां व कोणत्या अधिकारानें ठरविलें. आणि ठरविल्यावर तें पाळलें कां गेलें नाहीं?

हा प्रश्न आपल्या लोकांस नवा नाहीं. त्याचें उत्तर आपल्या भाषेंत शब्दरूपानें फार दिवसांचें पडून आहे. नदीनें गाळ आणून टाकल्यामुळें जी जमीन तयार होते ती मळई. पाणी ओसरल्यावर मागें राहिलेल्या ओलीवर जें पीक घ्यावयाचें तें गाळपेर. हे शब्द ज्यांनीं घडविले त्यांस हें पक्कें ठाऊक होतें कीं, नदीकांठची कांहीं जमीन माणसाची असते ती वर्षांतले आठ महिने. उरलेले चार महिने ती नदीची. इंग्रजी अमदानींत १८७९ सालीं मुंबई इलाख्याचा जमीन महसुलाचा कायदा झाला. त्यांतही नदीनें दिलेल्या आणि नदीनें खाल्लेल्या जमिनीचा हिशेब होता. नदीनें शेत खाल्लें तर शेतसाऱ्यांत सूट मिळावी, हें तत्त्व त्या कायद्यानें मान्य केलें, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतही तें टिकून राहिलें. म्हणजे सारा वसूल करणाऱ्या सरकारच्या दृष्टीनें नदी ही देणारी व घेणारी अशी एक खातेदारच होती. शहर वसविणाऱ्या सरकारला मात्र तिचें खातें कधींच सांपडलें नाहीं. शेताच्या कायद्यानें जिला हक्कदार मानलें, तिला शहराच्या व्यवहारानें कधीं गटार मानलें, कधीं रस्ता मानलें, तर कधीं नुसती रिकामी जागा मानलें. पुढील सर्व अनर्थाचें मूळ आम्हांस या भेदांत दिसतें.

जुनें पुणें नदीशी कसें वागत होतें हें पाहण्यास फार लांब जावयास नको. १७३० सालीं ज्याचा पाया घातला तो शनिवारवाडा आणि त्याहून जुनी कसबा पेठ हीं दोन्ही नदीपासून हांकेच्या अंतरावर आहेत. पण तीं कांठाच्या उंच अंगास आहेत. खालच्या अंगास काय होतें? ओंकारेश्वराचें देऊळ, त्याच्या शेजारचें स्मशान, घाट, धुणीं धुण्याच्या जागा, मळे आणि भाजीचे वाफे. या निवडींत एक शहाणपण आहे. देवाला पाण्याचें भय नाहीं, मृताला तर मुळींच नाहीं, आणि वाफा वाहून गेला तरी कार्तिकांत पुन्हां घालतां येतो. ज्यास पाण्याचा उपद्रव सोसतो तें खालीं ठेवावें आणि ज्यास सोसत नाहीं तें वर न्यावें, हा न लिहिलेला नियम त्या काळच्या नगररचनेंत होता. तो कोणत्याही सनदेंत नसेल. शहराच्या उतारावर मात्र तो आजही वाचतां येतो.

याचा अर्थ पूर्वज निर्दोष होते असा मात्र कोणी घेऊं नये. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत आंबील ओढा वळविला गेला, पर्वतीखालीं तळें झालें, आणि कात्रजचें पाणी नळानें शहरांत आलें. पाण्याला आपल्या सोयीनें वळण लावण्याची हौस आपल्या शहरास पहिल्यापासून आहे. भेद इतकाच कीं, त्यांनीं पाणी वळविलें तेव्हां त्याला दुसरी वाट करून दिली. वाट बुजवून पाण्यानें आतां मुळीं येऊंच नये अशी अपेक्षा करणें ही आमच्या पिढ्यांची कर्तबगारी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्याचें धरण बांधलें गेलें. १८७९ च्या सुमारास तें पुरें झालें, आणि मुठेच्या स्वभावांत एक मोठा फरक पडला. पावसाळ्याचें पाणी धरणांत अडूं लागलें. शहराजवळचें पात्र पूर्वीपेक्षां अधिक काळ कोरडें दिसूं लागलें. धरण लहान पुरांस आवरतें, परंतु मोठ्या पुरापुढें त्याचाही निरुपाय होतो, हें जलशास्त्रांतलें प्राथमिक सत्य आहे. सामान्य माणसाच्या दृष्टीस मात्र एवढेंच पडतें कीं, गेलीं दहा वर्षें पाणी या पायरीवर आलें नाहीं. दहा वर्षें पाणी न आलेली पायरी लवकरच ओटा होते, ओट्याची पडवी होते, आणि पडवीचें पुढें दुमजली घर होतें. मनुष्यस्वभावाचा हा दोष केवळ पुण्याचा नव्हे. अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांचा पूर आणि मनुष्य यांच्या संबंधावरील प्रबंध १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. नुसतीं धरणें व बांध घालून पुराची हानि टळत नाहीं, पूरप्रवण जमिनीचा उपयोग माणसानें कसा करावा यावर नियम असल्याशिवाय तरणोपाय नाहीं, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. आमच्याकडे हा धडा मिळावयास पुढें सोळा वर्षें लागलीं, आणि तो पुस्तकांतून मिळाला नाहीं.

१२ जुलै १९६१ हा दिवस पुण्याच्या स्मृतींत कोरलेला आहे. अंबी नदीवरील पानशेत धरणाचें काम पुरतें संपलें नसतां त्यांत पहिल्याच पावसाळ्यांत पाणी सांठविण्यांत आलें. लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून धरण वांचविण्याची शिकस्त केली. परंतु सकाळीं पानशेत फुटलें आणि त्याच्या लोंढ्यानें दुपारपर्यंत खडकवासलाही फुटलें. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, डेक्कन जिमखाना, सारा नदीकांठ पाण्याखालीं गेला. सुमारें हजार माणसें दगावलीं असें सामान्यतः मानलें जातें. वाडे तर मातीचे होते. ते बसले ते उठलेच नाहींत. आमची आजी त्या वेळीं नारायण पेठेंत राहत होती. ती पुढें आयुष्यभर म्हणत असे, "पाणी एका दिवसांत गेलं रे, पण चिखलाचा वास काही गेला नाही." आमचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं झाला, तरीही तो वास आम्हांस ठाऊक आहे असें आम्हांस लहानपणीं वाटत असे.

या पुरास पुणेकर आजही पानशेतचा पूर म्हणतात. मुठेचा पूर असें कोणी म्हणत नाहीं. आमच्या मतें या नामकरणांतच पुढचा घात झाला. पूर पानशेतचा म्हटला कीं दोष धरणाचा, धरण बांधणारांचा, घाई करणारांचा. तो दोष होताच, त्याची न्यायालयीन चौकशीही झाली, आणि ती योग्यच होती. परंतु धरण फुटलें म्हणून पाणी आलें, या उत्तरानें समाधान झाल्यावर, पाणी जेथें आलें तेथें इतकीं माणसें कां होतीं, हा दुसरा प्रश्न कोणी विचारिलाच नाहीं. पानशेत पुन्हां बांधून झालें, खडकवासलाही उभें राहिलें, आणि शहराची अशी समजूत झाली कीं संकटाचें कारण दुरुस्त झालें आहे. पूरग्रस्तांसाठीं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या; शंभरांहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाल्या. आमच्या घरच्यांचे पहिले कांहीं महिने अर्धगोल पत्र्याच्या खोपटांत गेले. ज्यांना पूर लागला ते वर गेले. आणि त्यांनीं सोडलेल्या खालच्या जागेवर, ज्यांना पूर ठाऊक नव्हता असे दुसरे लोक येऊन राहिले. स्मृति माणसांबरोबर टेकडीवर गेली. जमीन मात्र होती तेथेंच राहिली.

आतां कायद्याकडे वळूं. नगररचनेचा कायदा करण्यांत मुंबई इलाखा हिंदुस्थानांत पहिला. तो १९१५ सालीं झाला. १९५४ च्या कायद्यानें शहरांस विकास आराखडा करणें प्राप्त झालें, आणि १९६६ सालीं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. तोच आजही चालू आहे. १९६१ चा चिखल वाळला न वाळला तों हा कायदा झाला, तेव्हां त्यांत पुराचा विचार ठळकपणें असेल अशी कोणाचीही अपेक्षा होईल. परंतु पूर हा पाटबंधारे खात्याचा विषय आणि घर हा नगरपालिकेचा विषय, ही वांटणी त्या काळीं इतकी पक्की होती कीं, पुरांतलें घर हा कोणाचाच विषय झाला नाहीं. १९७५ सालीं केंद्र सरकारनें पूरक्षेत्राच्या विभागणीचें एक नमुना विधेयक राज्यांकडे धाडलें. तें मणिपुरानें १९७८ सालीं, राजस्थानानें १९९० सालीं आणि उत्तराखंडानें २०१२ सालीं कायद्यांत उतरविलें. ज्या महाराष्ट्रानें पानशेत पाहिलें, त्यानें तसा स्वतंत्र कायदा केला नाहीं. त्याऐवजीं १९८९ सालीं पाटबंधारे खात्यानें एक परिपत्रक काढलें, आणि त्यांतून निळी रेषा व लाल रेषा या दोन रेषा जन्मास आल्या.

या रेषांचा अर्थ वाचकांनीं नीट समजून घ्यावा, कारण आज पुष्कळांचीं घरें त्यांवर तरलेलीं आहेत. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर चढेल ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर चढेल ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. निळ्या व लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित. पुण्यांत मुठेसाठीं निळी रेषा ६०,००० क्युसेक प्रवाहाची आणि लाल रेषा १,००,००० क्युसेक प्रवाहाची धरतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारें २८ लिटर पाणी.

पंचवीस वर्षांतून एकदां, या शब्दांनीं लोकांची जेवढी फसगत केली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या शब्दांनीं केली असेल. ऐकणारास वाटतें, गेल्या वर्षीं पूर आला, आतां चोवीस वर्षें निर्धास्त. वस्तुतः त्याचा अर्थ असा कीं, प्रत्येक वर्षीं तसा पूर येण्याचा संभव शंभरांत चार. पुराला मागल्या वर्षाची आठवण नसते. या हिशेबानें एखाद्यानें तीस वर्षांच्या कर्जानें निळ्या रेषेवर घर घेतलें, तर कर्ज फिटण्यापूर्वीं निदान एकदां तरी पाणी त्याच्या उंबऱ्याशीं येण्याचा संभव शंभरांत सत्तर पडतो. लाल रेषेवरच्या घरासही तोच हिशेब लावला तर शंभरांत सव्वीस. हे आंकडे कोणत्याही महाविद्यालयांतला गणिताचा विद्यार्थी पांच मिनिटांत काढील. घराच्या करारनाम्यांत ते छापलेले आम्हीं अद्याप पाहिले नाहींत.

२०२० सालीं राज्याच्या बहुतेक भागासाठीं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि तींत या दोन पट्ट्यांचे नियम एकवटले. निळ्या रेषेच्या आंत बांधकाम नाहीं. तेथें काय चालेल तर उद्यान, मोकळी जागा, वाहनतळ, ओट्यांची भाजी मंडई, स्मशान, मैलापाणी शुद्धीकरणाचें केंद्र, स्वच्छतागृह. दोन रेषांच्या मध्यें बांधकाम करावयाचें तर तें लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर असावें. ही यादी प्रथम वाचली तेव्हां आम्हांस हंसूं आलें आणि लगेच गंभीर व्हावें लागलें. उद्यान, भाजी, स्मशान! अडीचशें वर्षें भटकून, हजार जीव देऊन, आम्ही फिरून ओंकारेश्वराच्या घाटावरच आलों. पेशवाईंतल्या उतारानें जें न लिहितां सांगितलें होतें तेंच सरकारी नियमावलीनें कलमें घालून सांगितलें. फरक एवढाच कीं, पहिला नियम लोक पाळीत होते.

दुसरा कां पाळला जात नाहीं, हें पाहण्यासाठीं आम्हीं मध्यंतरीं आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांसह विठ्ठलवाडीपासून ओंकारेश्वरापर्यंत नदीकांठानें पायीं जाण्याचा उपक्रम केला. हातांत नकाशा होता आणि नकाशावर निळी रेषा होती. आम्हांस ती जमिनीवर शोधावयाची होती. सकाळपासून दुपारपर्यंत चालून एकही दगड, एकही खांब, एकही खूण आम्हांस आढळली नाहीं. आढळला तो राडारोडा. मालमोटारींनीं आणून टाकलेला, सपाट केलेला, त्यावर मांडव उभारलेला. एका इमारतीच्या रखवालदारास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, ती लाइन आमच्या पार्किंगमधून जाते म्हणतात, पण कुणी बघितलेली नाही." त्याच्या मागच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर, मागल्या पाण्याचा तपकिरी पट्टा स्पष्ट दिसत होता. आमच्यांतील एका विद्यार्थिनीनें त्याकडे बोट दाखवून विचारलें, "सर, ही नाही का ती रेषा?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सरकारची रेषा कागदावर होती आणि नदीची रेषा भिंतीवर. आणि दोहोंची गांठ घालून देणें हें कोणाचेंच काम नव्हतें.

नदीच्या रेषेनें आपली साक्ष वेळोवेळीं दिली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यास पूर येऊन अरण्येश्वर व सहकारनगरच्या परिसरांत माणसें वाहून गेलीं. पानशेतच्या पूरग्रस्तांस सुरक्षित म्हणून ज्या भागांत वसविलें, त्या भागांत दुसरा पूर ओढ्यानें नेला. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सुमारें ३५,००० क्युसेक पाणी सुटलें असतां सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत घरांत पाणी शिरलें. निळी रेषा तर ६०,००० क्युसेकची. मग त्याच्या सुमारें निम्म्या पाण्यानें घरें कशीं बुडलीं? धरणाखालच्या पाणलोटांतील पावसाची भर त्यांत होती हें खरें. परंतु दुसरें कारण पात्रांतच आहे. भांडें अरुंद केलें कीं तेंच पाणी उंच चढतें. पात्रांत भराव पडला, रस्ते आले, खांब आले. आणि रेषा जेथें होती तेथेंच नकाशावर राहिली. विठ्ठलवाडीपासून राष्ट्रीय महामार्गापर्यंत पात्रांत भर घालून रस्ता करण्याचें काम निघालें, तेव्हां २०१३ सालीं राष्ट्रीय हरित अधिकरणाला हस्तक्षेप करावा लागला. लक्षांत घ्यावें कीं, हा रस्ता कोणी चोरून करीत नव्हता. नदीचें रक्षण जिनें करावयाचें त्या संस्थेचेंच तें काम होतें.

येथें प्रश्नाच्या गाभ्यास हात घालणें प्राप्त आहे. रेषा आखतो पाटबंधाऱ्याचा विभाग. बांधकामास परवाना देते महानगरपालिका. पाणी सोडतो धरणाचा अधिकारी. आणि बुडतो तो भाडेकरू. पहिल्या तिघांत पत्रव्यवहार असतो, जबाबदारी कोणाचीच नसते. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें नगररचना, जमिनीचा वापर व इमारतींचें नियमन हे विषय नगरसंस्थांच्या यादींत आले, ही गोष्ट स्वराज्याच्या दृष्टीनें इष्टच होती. परंतु नगरसंस्थेचें उत्पन्न बांधकामावर पोसलें जातें. परवान्याचें शुल्क, विकासशुल्क, पुढें मालमत्ताकर, हें सर्व जेथें इमला उभा राहील तेथून येतें. मोकळ्या पात्रांतून एक पैसाही येत नाहीं. ज्याच्या पोटापाण्याची सोय इमारतींवर अवलंबून, त्यालाच इमारत नाकारण्याचें काम दिलें आहे. आम्ही कोणावर लांचलुचपतीचा आरोप करीत नाहीं. व्यवस्थाच अशी आहे कीं, प्रामाणिक अधिकाऱ्यासही नाहीं म्हणणें महाग पडावें.

तथापि दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ऐकल्याशिवाय निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. ज्यांची जमीन रेषेच्या आंत येते ते विचारतात, आमचा अपराध काय? जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणांत नव्या पूररेषा आखल्या गेल्या, तेव्हां जवळजवळ सारें गांव त्यांत सांपडलें आणि नागरिकांनीं विरोध केला. त्यांस वेडे म्हणणें सोपें आहे. परंतु ज्या बाजारपेठेवर पिढ्यान्‌पिढ्या पोट चाललें, तीवर एके सकाळीं एक रेषा ओढून तुमच्या घराची दुरुस्तीही आमच्या परवानगीनें होईल असें सांगितलें, तर शहाण्यासही राग येईल. रेषेनें जमिनीचें मोल जातें आणि त्या बदल्यांत हातीं कांहीं पडत नाहीं. असा नियम लोक मोडणारच. किंवा तो मोडतां यावा म्हणून रेषा सरकविण्याची खटपट करणार.

आणि नियम पाळण्याचें काम उशिरा सुरू झालें म्हणजे तें किती निष्ठुर होतें, याचीं दोन उदाहरणें आमच्याच परिसरांत आहेत. जून २०२१ मध्यें, ऐन पावसाच्या तोंडावर, आंबील ओढ्याकांठचीं गरिबांचीं घरें पाडण्यास आरंभ झाला, आणि न्यायालयाच्या हुकुमानें तें काम थांबलें. मे २०२५ मध्यें चिखली येथें इंद्रायणीच्या निळ्या रेषेंतील ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनें पाडले. हरित अधिकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें कायम केल्यावर हें घडलें. निकाल बरोबर होता असेंच आमचें मत आहे. परंतु त्या ३६ घरांच्या ढिगाऱ्याकडे पाहणाऱ्या कुटुंबांस आम्हीं काय सांगावें? भूखंड विकले जात होते, रस्ते आंखले जात होते, पाया खणला जात होता, भिंती चढत होत्या, तेव्हां ती रेषा कोठें होती? जो नियम पहिल्या कुदळीच्या वेळीं मुका असतो आणि वास्तुशांतीनंतर बोलूं लागतो, तो नियम न्याय्य असला तरी क्रूर होतो. घर पाडणें हें नियमन नव्हे; नियमन झालें नव्हतें याचा तो पंचनामा आहे.

मग करावें काय? आम्ही इतिहासाचे अध्यापक. अभियंत्यांच्या कामांत ढवळाढवळ करण्याचा आमचा अधिकार नाहीं. तरी इतिहासानें शिकविलेल्या तीन गोष्टी नम्रपणें सुचवितों. पहिली: रेषा नकाशावरून जमिनीवर आणावी. गांवाच्या शिवेवर पूर्वीं दगड असत. त्या दगडांवरून भांडणें होत, पंचायती बसत, परंतु शीव कोठें आहे हें पोराटोरांसही ठाऊक असे. नदीच्या शिवेस तसे दगड नाहींत म्हणून तिच्यावरून भांडण देखील होत नाहीं, नुसता तिचा लोप होतो. दुसरी: घराच्या खरेदीखतांत आणि भाड्याच्या करारांत, हें घर कोणत्या रेषेच्या कोणत्या अंगास आहे, हें ठळक अक्षरांत लिहिण्याची सक्ती असावी. जोखीम घेणारास ती ठाऊक असावी एवढा तरी धर्म व्यवहारांत राहूं द्यावा. तिसरी: ज्यांच्या मालकीची जमीन रेषेच्या आंत आली त्यांस बदल्यांत दुसरीकडे बांधकामाचा हक्क किंवा रोख मोबदला मिळावा, आणि गरिबांस घर पाडण्यापूर्वीं घर मिळावें. नदीस जागा द्यावयाची तर ती साऱ्या शहराच्या खर्चानें द्यावी. कांठच्या चार माणसांच्या खर्चानें नव्हे. शेतसाऱ्यांत सूट देणाऱ्या जुन्या कायद्यास जें समजत होतें, तें नव्या नगरीस समजणें अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

सध्यां पुण्यांत मुळा व मुठा यांच्या कांठीं सुमारें ४४ किलोमीटर लांबीचा नदीकांठ सुधारणेचा प्रकल्प चालू आहे. बांध, फिरण्याच्या वाटा, बागा असें त्याचें स्वरूप आहे. त्यानें पात्र आवळलें जाईल असा आक्षेप घेणारे आहेत. प्रवाहास पुरेशी जागा ठेवली आहे असें सांगणारेही आहेत. या वादांत आमची कसोटी एकच आहे. उद्यान नदीच्या जमिनीवर नदीच्या परवानगीनें असेल, म्हणजे पावसाळ्यांत तें निमूटपणें पाण्याखालीं जाणारें असेल, तर तें ओंकारेश्वराच्या घाटाचें वंशज आहे. परंतु उद्यानाच्या रक्षणासाठीं पाण्यास बाहेर ठेवावयाचें असेल, आणि त्या आधारावर मागची जमीन सुरक्षित म्हणून विकली जाणार असेल, तर १८७९ नंतर जी भूल पडली तिचीच ती पुढची आवृत्ति होय.

त्या दिवशींच्या फेरीनंतर आम्ही विद्यार्थ्यांसह ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर बसलों होतों. खालच्या पायऱ्यांवर गाळ वाळून त्यास भेगा पडल्या होत्या. एका विद्यार्थ्यानें आपल्या वहींत नकाशावरची निळी रेषा पुसून, भिंतींवर जेथें जेथें पाण्याच्या खुणा आढळल्या तेथें तेथें ठिपके देऊन ते जोडले. ती त्याची रेषा कोणत्याही कार्यालयांत दाखल होणार नाहीं. परंतु शहराच्या इतिहासांत नदीस एका वाक्याहून अधिक जागा देणारें तें पहिलें पान आहे, असें आम्हांस वाटलें. आणि आम्हीं त्याला ती वही जपून ठेवण्यास सांगितलें.